चंदेरी तोंडाची माशी

३ जून १९८६

नवीच आहे! नवी जात नव्हे – अख्खी नवी प्रजाती, जाती जिच्या पोटात बसतात ती! सकाळपासून अकरा माश्या भिंगाखाली घातल्या. अकराच्या अकरा नर. तोंड चंदेरी, पुढचे पाय फुगीर, पंखातली एक शीर अर्ध्यातच संपलेली. किनारमाश्यांचा ओळखतक्ता तीनदा चालवून पाहिला, तिन्ही वेळा रस्ता बंद!

तीस वर्षं माश्या टाचण्यात गेली. जातींना नावं दिली, चार. प्रजातीला एकही नाही. ऑक्टोबरात बुर्गासच्या संग्रहालयातून निवृत्त होणार. त्याआधी एवढं एक नाव माझं लागू दे.

नराच्या पोटाचं टोक कास्टिक सोड्यात उकळत ठेवलं आणि तिथेच उभ्याने चीज भरलेली बानित्सा खाल्ली. हात धुतले होते का? आठवत नाही.

५ जून

दिवसभर पोमोरियेच्या मिठागरात. आणखी नऊ नर. मुकादम स्टामात दाताळं टेकून बघत उभा. "अहो माशीबाई, आमचं मीठ लोक खातात तरी. तुमच्या माश्यांचं काय करायचं?"

म्हटलं, नाव ठेवायचं.

"नावं काय, आम्ही रोजच ठेवतो त्यांना!"

मेला! पण मडक्यातलं गार ताक त्यानेच दिलं.

९ जून

एर्विनचं पत्र. हंगेरीतल्या सेगेदहून. बावीस वर्षं आम्ही काड्यापेट्यांतून एकमेकांना माश्या पाठवतोय, अजून तोंड पाहिलेलं नाही. त्याची बायको गेली तेव्हा मी सहा ओळी लिहिल्या होत्या. उत्तरादाखल चौदा माश्या आल्या, एकेक कशी सुरेख टाचलेली. मी रडले होते तेव्हा.

तर त्यालाही नवी प्रजाती सापडलीय! खाऱ्या तळ्यावर. मिळाल्या त्या सगळ्या माद्या – तपकिरी, मंद, तोंडावर फक्त दोन केस, एकमेकांवर आडवे. सोबत चित्र. लेख बुडापेस्टला गेलाय, नाताळच्या सुमारास छापून येईल.

एका उन्हाळ्यात दोघांना! लगेच अभिनंदन लिहिलं. माझ्या चंदेरी नराचं चित्रही घातलं, थोडी मिरवायला.

१६ जून

लेख सोफियाला रवाना! ऑगस्टच्या अंकात येणार. संचालक गेन्चेव साहेबांनी कपाटातून राकियाची बाटली काढली. मी दोन पेले घेतले.

१९ जून

काय करून बसले मी!

दुपारी मिठागरात वाफ्याच्या कडेला एक जोडी. माझा चंदेरी नर – आणि तो जिच्या पाठीवर बसलेला ती तपकिरी, मंद. दोघांना नळीत धरलं. भिंगाखाली तिचं तोंड: दोन केस, एकमेकांवर आडवे. एर्विनचं चित्र शेजारी ठेवलं. तीच.

त्याची मादी, माझा नर. माशी एकच! नवऱ्याला एक आडनाव, बायकोला दुसरं – आमच्या धंद्यातली नवशिक्यांची चूक, आणि ती आम्ही दोन म्हाताऱ्यांनी केली. माझ्या 'इतर' लिहिलेल्या बाटलीत तसल्या चाळीस तपकिऱ्या पडून आहेत. दोन उन्हाळे!

हसू आलं. मग हसू गेलं. कारण नियम एकच – जे नाव आधी छापलं ते टिकतं. माझं ऑगस्टात, त्याचं नाताळात. मी नुसतं गप्प बसायचं. त्याचं नाव आपोआप खोडलं जाईल.

२० जून

गेन्चेव साहेबांना सांगितलं. म्हणाले, "तोदोर्काबाई, काल तुम्ही मिठागरात गेलाच नव्हता."

"गेले होते की."

"तुम्हाला घरात बसून नाव मिळतंय, आणि तुम्ही ते गावभर हिंडून परत करणार?"

चुकीचं काय बोलले? काहीच नाही. नियमाने मीच पहिली. आणि मला ते नाव हवंय. हवंच आहे! इथे लिहायला कुणाची चोरी?

२१ जून

कशात लक्ष नाही. दोनदा टाचणी बोटात गेली.

२३ जून

केलं एकदाचं. सोफियाला फोन लावला – लेख परत पाठवा. संपादक म्हणाले, "ताप आहे का?" म्हटलं, नाही, एर्विन आहे.

मग त्याला पत्र. सगळं सांगितलं. नाव तुमचंच राहू द्या, हे सहा नर घ्या, लेख पुरा करा. काड्यापेटी बंद केली. टपालात टाकली आणि हलकं हलकं वाटलं. वाईटही वाटलं. गेन्चेव साहेब बोलत नाहीत.

स्टामातने ऐकलं. "दिलीत? इतक्या वर्षांनी मिळालेली माशी?"

"दिली."

"मग त्या माणसाला एकदा बघून तरी घ्या!"

इतकी हसले की डोळ्यांत पाणी. जाताना त्याच्या बायकोने तळलेले मासे बांधून दिले, वाटेतच संपवले.

३ जुलै

एर्विनचं पत्र. तारीख वीस जून – माझं निघायच्याही आधीचं! तेरा दिवस कुठे फिरत होतं देव जाणे. "तुमचं चित्र पाहिलं आणि तळ्यावर धावलो. तिसऱ्या दिवशी एक चंदेरी नर सापडला, माझ्या मादीच्या पाठीवर. बुडापेस्टहून लेख परत मागवलाय. नाव तुमचंच."

म्हणजे त्यानेही मागे घेतला! आता माशी बिननावाची, आणि आम्ही दोघंही येडे.

खाली आणखी लिहिलंय: पाच तारखेला बुर्गासला पोचतो, नाव शेजारी बसून ठरवू, चार दिवसांची सुट्टी पुरेल ना?

पाच म्हणजे परवा! आत्ताच तार करून आले – पुरणार नाही, वाढवून घ्या.