सीटचं दुसरं बटण

३ मार्च, सोमवार

गाडी आली. फाटकाशी ऐटीत उभी आहे आणि चालवायला घरात कुणी नाही!

बुक केली तेव्हा सगळं ठीक होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पायरी खाली हवी. लेकीची जुळी चार वर्षांची, एका जागी ठरत नाहीत, म्हणून मागचं दार सरकणारं हवं. सगळे मावतील अशी हवी. हे महिनाभर माहितीपत्रकं उशाशी घेऊन झोपत होते. आणि मग ह्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही." ज्यांनी जन्मात घरातल्या कुणाच्या हातात चावी दिली नाही त्यांना हे सांगितलं. तेव्हापासून तोंड एवढंसं झालंय.

शोरूमचा माणूस गाडी घेऊन आला. ड्रायव्हरच्या सीटला, दाराच्या बाजूने, जागा लक्षात ठेवायची दोन बटणं आहेत. सीट आपल्याला हवी तशी पुढेमागे करायची, 'सेट' दाबायचं आणि नंबर दाबायचा. पुढच्या वेळी नुसता नंबर दाबला की सीट आपणहून तिथे येते. ह्यांना बसवून त्याने एक नंबर भरला. हे ताडमाड उंच, सीट पार मागे गेली. मग त्याने विचारलं, "दुसरं कोण चालवतं?"

मी म्हणाले, "मी."

कपाट बोलल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. लायसन्स आहे माझ्याकडे, लग्नाआधीपासून. दरवेळी नवं करून घेते आणि परत डब्यात ठेवते. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बसायची. मला अजून जगायचंय." लेक म्हणाली, "आई, तू खरंच?" आणि ह्यांनी छताकडे बघत सांगितलं, "डोळा बरा होईपर्यंत हं. तोवरच."

तोवर तर तोवर. दोन नंबर माझा.

५ मार्च, बुधवार

शिकवायला एक बाई लावल्या. गाडी ऑटोमॅटिक, डाव्या पायाला काही कामच नाही. तो बापडा लग्नाआधीच्या सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर आदळला. बाईंचा चष्मा त्यांच्या मांडीवर. तीनदा.

चौथ्यांदा मी डावी चप्पल काढून सीटखाली सरकवली आणि तो पाय मांडीखाली दुमडल्यासारखा मागे घेऊन बसले. बाई म्हणाल्या, "असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "पण गाडी नीट चाललीय की नाही?" चालली होती.

९ मार्च, रविवार

फाटक! सगळी गोम फाटकात आहे. रस्त्यावर काय, सरळ जाता येतं. पण ही एवढी थोरली गाडी उलटी आत घालायची म्हणजे जाड गोधडी शिलाई मशीनच्या सुईखाली सारायची.

समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ गच्चीत पेपर वाचत बसतात. मी गाडी मागे घ्यायला लागले की पेपर खाली येतो आणि हात वर. डावीकडे, उजवीकडे, थांबा, बाद. मी त्यांना पंच म्हणते. शेजारच्या सीटवर हे. ह्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, तरी दाबत असतात. "आरसे बघ. अगं, आरसे बघ. आरसे कशाला दिलेत?" एकीकडे पंच, एकीकडे हे, मधे मी. खांबाला आरसा घासलाच. बारीक ओरखडा. ह्यांनी तो ओरखडा रुमालाने असा पुसला जसं काही पोराचा गुडघा फुटलाय.

दुपारी पुढच्या खोलीत मशीनवर गिऱ्हाइकाचे पडदे शिवायला बसले आणि डोक्यात उजेड पडला. एवढी वर्षं सरळ शिवण कशी घालते मी? सुईकडे बघत नाही. कापडाची कड खुणेला लागून चाललीय ना, एवढंच बघते. तशीच उठले. टेप घेऊन फाटक मापलं, गाडी मापली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा शिल्लक! वीतभर म्हणजे मैदान. फाटकापासून आतपर्यंत जमिनीवर खडूने रेघ मारली. मागचं चाक रेघेला लागून चाललंय एवढंच आरशात बघितलं. ह्यांना खाली उतरवलं, पंचांकडे पाठ.

एका दमात आत! पंच उभे राहिले.

१० मार्च, सोमवार

आज पुन्हा, पहिल्याच फटक्यात. पंचांनी पेपरमधून डोकंही काढलं नाही. याहून मोठं प्रमाणपत्र नको.

१५ मार्च, शनिवार

पेट्रोल भरायला गेले. जुन्या गाडीचं झाकण डावीकडे होतं, हिचं उजवीकडे. मी आपली तेच डोक्यात धरून उलट्या बाजूला उभी. मागे रांग, हॉर्न. पंपावरची मुलगी म्हणाली, "ताई, काट्याजवळ बघा, पंपाच्या चित्राशेजारी बाण असतो. बाण जिकडे, झाकण तिकडे."

घरी येऊन ह्यांना विचारलं, "बाणाचं माहीत होतं तुम्हाला?" ह्यांनी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाले, "बाण? कुठला बाण?"

बरं वाटलं. का ते लिहायची गरज नाही.

२२ मार्च, शनिवार

आज घरातल्या एकूण एक माणसाला रागावले. सासूबाईंनासुद्धा.

जुन्या गाडीचं मागचं दार कमरेने धक्का दिल्याशिवाय लागायचं नाही. सतरा वर्षं आम्ही सगळे उतरलो की वळून कमरेचा एक टोला द्यायचो. पाहुणेसुद्धा शिकले होते. आता नव्या गाडीचं दार मोटरवर चालतं, बटण दाबलं की आपलं आपण सरकतं. पण खोड जाते का? लेक उतरली, कमर मारली. दार बिचकलं, परत उघडलं. सासूबाईंनी काठीने ढोसलं. जुळ्यांनी दोघांच्या दोन कमरा. दार अर्ध्यात थांबून कोकलायला लागलं.

नियम केला. दाराला कुणी शिवायचं नाही, बटण मीच दाबणार. सासूबाई म्हणाल्या, "राज्य आलंय हिचं." मी म्हटलं, "हो, आलंय." आणि त्याच झटक्यात सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरंही ओढून काढली. सासूबाईंना ती ठेवायची होती, गाडी नवी राहील म्हणून. बसलं की चुरचुर वाजायची आणि मांड्या चिकटायच्या. त्यांच्या बैठकीपुरती मऊ कापडाची गादी शिवून देते म्हटलं. मग विचारात पडल्या. कापड कुठलं घेणार, एवढंच विचारलं.

म्हणजे बसणार तर!

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी चारही चाकांची हवा बघितली. एकात कमी. गॅरेजवाल्याने वाल्व्ह बदलून दिला. मग गाडी धुतली. आतून जुळ्यांचा खाऊ काढला: बिस्किटांचा चुरा, एक मोजा, अर्धं केळं (कधीचं देव जाणे), मेणाच्या खडूंचे तुकडे. कुणी म्हणेल काय काम हे. पण काचा लखलखल्या आणि त्यांत मी दिसले, ओचा खोचलेली, हातात पाइप. छान दिसत होते.

१६ एप्रिल, बुधवार

गादी शिवून झाली. सासूबाई तिच्यावर बसून बाजारापर्यंत येऊन गेल्या. वाटेत डोळे मिटलेले. परतताना एक उघडा.

संध्याकाळी हळूच म्हणाल्या, "धाकटीकडे नेशील?"

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. डोंगरापलीकडे राहते. बसची पायरी चढवत नाही म्हणून सहा वर्षं दोघी फोनवरच भांडतात. मी हो म्हटलं. मग खोलीत येऊन खुर्चीत बसले. डोंगराची वळणं, समोरून ट्रक, आणि गाडीत माझं सगळं घर. हे म्हणाले, "थांबूया का? माझा डोळा बरा झाला की मीच नेतो सगळ्यांना."

म्हटलं, रविवारी निघू.

२० एप्रिल, रविवार

नेलं आणि आणलं. सगळ्यांना, धडधाकट! हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे वळलेले आहेत, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

वळणं मी भ्यायले होते तेवढी वाईट नव्हती. एक ट्रक मात्र अंगावर आल्यासारखा आला. मी बाजूला घेतली, थांबले, त्याला जाऊ दिलं. ह्यांचा पाय खालच्या चटईत रुतलेला. तोंडातून "आरसे बघ"सुद्धा नाही.

चहाला थांबलो तिथे घोळ झाला. चहा घेऊन पुढे निघताना दार अर्ध्यावर अडकलं. बटण दाबलं की दोन बोटं पुढे, परत मागे, आणि बोंब. लेकीने कमर मारली. ती मारली म्हणून जुळ्यांनी. चहावाला धावत आला, त्यानेही खांदा लावला. हे म्हणाले, "कंपनीला फोन करतो. येतील तासा-दोन तासांत." सासूबाई आत बसल्या होत्या. नुसत्या घड्याळाकडे बघत होत्या. बहिणीने जेवायची थांबते म्हणून सांगितलेलं.

मी सगळ्यांना लांब केलं. दार म्हणजे काय, चेनच की. जॅकेटची चेन अडकली की गिऱ्हाईक ओढतं आणि तोडून माझ्याकडे आणतं. ओढायची नसते. मागे घ्यायची, दात बघायचे, काय अडकलंय ते काढायचं. मोटरचं बटण बंद केलं, दार हाताने हलकेच मागे घेतलं, वाकून खालची पट्टी बघितली. मेणाचा लाल खडू! उन्हाने वितळून पट्टीत बसलेला. पर्समधल्या छोट्या कात्रीच्या टोकाने खरवडून काढला, रुमालाने पट्टी पुसली, मोटर चालू केली, बटण दाबलं.

सुर्रकन बंद. चहावाल्याने टाळी दिली! जुळ्यांपैकी एकाने बारीक आवाजात सांगितलं, "तो माझा नव्हता." दुसरी म्हणाली, "माझापण नव्हता."

पोचलो तर मावशी, म्हणजे सासूबाईंची ही धाकटी, दारातच उभ्या होत्या. सासूबाई एका पायरीत खाली उतरल्या, कुणाचा हात न धरता. दोघींनी एकमेकींना नखशिखांत न्याहाळलं. मग मावशी म्हणाल्या, "केवढी वाळलीस गं." आणि सासूबाई म्हणाल्या, "आणि तू फुगलीस." मग रडल्या. मी गाडीशी चाळा करत उभी राहिले, माझंही नाक गळायला लागलं होतं.

मावशींनी विचारलं, "कोण घेऊन आलं एवढ्या लांब?"

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं कोण आणणार?"

ह्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. आज याच्यापुढे काही नको.

२१ एप्रिल, सोमवार

दंड, पाठ, मान, सगळं दुखतंय. राणीसारखं वाटतंय.

११ मे, रविवार

समोरचे पंच आले होते. पेपर काखेत. म्हणाले, "आमच्या हिला शिकायचंय. तुम्ही त्या खडूच्या रेघेचं जरा सांगाल का?" मी म्हटलं सांगेन, पण तुम्ही गच्चीत नसाल तेव्हा.

दुपारी मात्र एक बघितलं आणि मन खट्टू झालं. चावी खुंटीवर नव्हती म्हणून बाहेर गेले, तर हे गाडीत. ड्रायव्हरच्या सीटवर! गाडी बंद होती. नुसते बसले होते, दाराच्या बाजूला वाकून काहीतरी करत. मला बघितलं आणि गडबडीने उतरले. "काच पुसत होतो," म्हणाले. हातात फडकं नव्हतं.

आठवण येत असणार. माणसाची हौस होती ती, मी त्यावर बसलेय. रात्रीच्या जेवणाला त्यांच्या आवडीचं केलं.

२९ मे, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. म्हणाल्या, "छान भरून आलाय. आता चालवा गाडी, खुशाल."

मला आनंद झाला. खरंच झाला. ऑपरेशननंतर हा माणूस उशीत तोंड खुपसून पडायचा ते विसरले नाहीये मी. आणि त्याच क्षणी पर्समधली चावी घट्ट दाबून धरली तेही लिहिते, इथे कोण वाचतंय. "तोवरच" म्हणाले होते. मी कबूल केलं होतं. बोली म्हणजे बोली. पण मला ती गाडी सोडायची नाहीये. तिचा आवाज मला झोपेत ओळखू येतो. कुठल्या चाकाला काय सवय आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

घरी मीच चालवत आणली. आल्यावर चावी ह्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घ्या. शनिवारी मावशींना राहायला आणायचंय, तुम्हीच चला घेऊन."

ह्यांनी चावी खिशात टाकली. "बरं," म्हणाले. बास, एवढंच.

मी मशीनवर बसले आणि शिवलेला पडदा उसवून परत शिवला. उसवायची काही गरज नव्हती.

३१ मे, शनिवार

सकाळी ह्यांच्याकडून चावी मागून घेतली, सीट तेवढी त्यांची त्यांना लावून ठेवावी म्हणून. एक नंबर दाबला. सीट हलली नाही. पुन्हा दाबला. बिघडलं वाटलं. मग सीट पुढेमागे करायच्या बटणाने ती पार मागे सरकवली आणि परत एक दाबला. सुर्र करत सीट पुढे आली, वर उचलली गेली, आणि बरोबर माझ्या जागी येऊन थांबली.

शेजारच्या सीटचं दार उघडलं. हे बसले, पट्टा लावला, चष्मा पुसला.

"आरसे बघ," म्हणाले, "आणि निघ. मावशी वाट बघत असतील."