गोगलगडाच्या मेळाव्याची खरी हकीकत

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे. इकडे सगळे खुशाल. माझे गुडघे कुरकुर करतात, पण अजून सांगितलेलं ऐकतात. दुकानात पडद्यांची आणि सोफ्याच्या कव्हरांची कामं डोक्यावरून जातायत. तुझा रक्तदाब उतरला का? वहिनी बरी आहे ना? तिला सांग, तिनं मागितलेलं निळं कापड आलंय.

तुझं पत्र पोचलं. (पत्र कसलं, नोटीसच ती.) वर्तमानपत्रातल्या फोटोत बाबांच्या डोक्यावर शिंगं का, ते लिफ्टच्या दारात ओणवे का उभे आणि त्यांच्या पाठीमागचं ते भलंमोठं काय आहे, असं विचारलंस; आणि उत्तराची वाट न बघता बाबांना कायमचं घेऊन जातो म्हणूनही कळवलंस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं तू मनातल्या मनात त्यांची बॅगसुद्धा भरलेली दिसतेय. बाबांना वेड लागलेलं नाही आणि मी त्यांची आबाळही करत नाही. पण फोटोपासून सुरुवात केली तर तुला काहीच कळायचं नाही. म्हणून मुळापासून सांगते. चहा घेऊन बस.

आई गेल्यावर बाबा कसे झाले होते ते तू तेराव्यापुरतं पाहिलंस, मी रोज पाहत होते. ज्या माणसानं जन्मभर लिफ्टा दुरुस्त करताना वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारल्या, तो माणूस बंद टीव्हीसमोर बसून राहायचा. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मला ते भांडले असते तरी चाललं असतं.

अशात आमच्या ह्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला, गोगलगड नावाचा. सगळं जग तो खेळतं म्हणे. एक डोंगराएवढी गोगलगाय, तिच्या पाठीवर किल्ला, आणि ती सतत चालत असते. तू किल्ल्यात राहायचं आणि बाहेरून येणाऱ्यांशी लढायचं. ते बाहेरचे म्हणजे आपल्यासारखीच माणसं, आपापल्या घरी बसून कानाला हेडफोन लावून खेळणारी. ह्यांचा अंगठा आठवड्यात लचकला (हे व्यायामाचे शिक्षक आहेत, हे कुणाला सांगू नकोस) आणि ते यंत्र बाबांच्या हाती गेलं.

बाबा अतिशय वाईट खेळायचे. अजूनही खेळतात. तलवार काढायच्या बटणावर त्यांचं बोट कधी वेळेवर पडलं नाही. पण माइक चालू असतो हे त्यांना कळलं, तिथून सगळं सुरू झालं. ते किल्ल्याच्या दारात उभे राहायचे आणि चाल करून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, ‘जेवलात का?’ शत्रू तलवार उगारून यायचा आणि सांगायचा की नाही, आज डबा ऑफिसातच विसरला. मग डबा, ऑफिस, साहेब, साहेबांचा स्वभाव. तेवढ्यात मागून दुसरा कुणी येऊन बाबांना मारून टाकायचा, तर पहिलाच त्याच्यावर धावून जायचा की माणूस बोलतोय ते दिसत नाही का. लोकांनी त्यांचं नाव ‘द्वारपाल’ ठेवलं. काही जण म्हणे लढाई सोडून नुसते दारात गप्पा मारायला येऊ लागले.

एक दिवस बाबांनी मला सहज सांगितलं, ‘रविवारी आपल्याकडे चारपाच जण चहाला येतील.’ मला वाटलं, जुने लिफ्टवाले. रविवारी दार उघडलं तर जिन्यात चिलखतं. पुठ्ठ्याची, पत्र्याची, एक तर माझ्याच दुकानातल्या जाड रेक्झिनचं, मी ओळखलं. घर भरलं, मग गॅलरी भरली. ‘रक्तपिपासू तिसरा’ नावाचा कुणी राक्षस येणार म्हणून मी चाकूसुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. निघाली एक दातांची डॉक्टर, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागावं. आल्याआल्या तिनं न सांगता सगळ्यांचे कप विसळले.

पण गंमत पुढं आहे. ही सगळी माणसं समोरासमोर बसली आणि गप्प झाली. इतके दिवस नुसता आवाज ऐकलेला. आता नाक, डोळे, टक्कल सगळं एकदम समोर आल्यावर कुणाला काही सुचेना. लग्न ठरवायला आलेली दोन्हीकडची मंडळी असावीत तशी सगळी पंख्याकडं बघत बसलेली. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि निम्म्या लोकांना स्वयंपाकघरात पिटाळलं. मध्ये दार लोटून घेतलं आणि म्हणाले, ‘आता बोला.’ दादा, भिंतीपलीकडून जी बडबड सुरू झाली, ती खालच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार वर येईपर्यंत थांबली नाही. (ते दमात घ्यायला आले आणि पंधरवड्यात त्यांनीही यंत्र आणलं.) हा पहिला मेळावा. त्या रात्री बाबांनी मला आपणहून हाक मारून सांगितलं, चहात आलं कमी होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आल्यासाठी नाही.

दुसऱ्या वर्षी हॉल घेतला. हॉलच्या व्यवस्थापकानं तोच दिवस विमा एजंटांच्या वार्षिक सभेलाही देऊन टाकला होता. कुणीच माघार घेईना, तेव्हा मध्ये खुर्च्यांची रांग लावून दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी झाले. आमच्याकडचे चिलखत घातलेले तिघे विमा उतरवून आले आणि त्यांच्याकडचे अध्यक्ष आमच्या तलवारबाजीत पहिले.

तिसऱ्या वर्षी मात्र दुही माजली. प्रश्न असा की ही गोगलगाय चाललीय कुठं? गेम बनवणाऱ्यांनी ते सांगितलेलंच नाही. एक गट म्हणाला समुद्राकडं. दुसरा म्हणाला, मिठानं गोगलगाय विरघळते, ती समुद्राकडं जीव द्यायला जाईल का, ती डोंगराकडं चाललीय. झालं. समुद्रवाले आणि डोंगरवाले एकमेकांचं तोंड बघेनात. फौजदारांनी दातांच्या डॉक्टरकडं दाढ दाखवायचं सोडलं आणि गाल सुजवून हिंडले. शेवटी दोन मेळावे ठरले, एकाच दिवशी, त्याच इमारतीत, समुद्रवाले खाली, डोंगरवाले वर. दोघांनीही बाबांना अध्यक्ष केलं. मी म्हटलं, आता बाबा परत बंद टीव्हीसमोर जाऊन बसणार. दोन दिवस त्यांनी यंत्रालाही हात लावला नाही.

त्या दिवशी बाबा वरही गेले नाहीत आणि खालीही थांबले नाहीत. जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून बसले. वर जाणारा थांबून नमस्कार करायचा, खाली जाणारा थांबायचा. पाणी प्यायला म्हणून बाहेर आलेला परत आत जाईना. दुपारपर्यंत दोन्ही हॉल रिकामे आणि जिन्यात मुंगी शिरायला जागा नाही. तेव्हा फौजदारांनी सरळच विचारलं, ‘द्वारपाल, आज सांगूनच टाका. समुद्र की डोंगर?’

बाबांनी त्यांना पायरीवर बसायची खूण केली. मग म्हणाले, ‘आमची ही बाहेर पडली की मी कधी विचारलं नाही कुठं चाललीस. चप्पल घालायचो आणि निघायचो. तिच्याबरोबर जायला मिळायचं, तेवढं पुरे होतं.’

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव तर सोडच, विषयही निघाला नव्हता.  मग दातांची डॉक्टर फौजदारांना म्हणाली, तोंड उघडा बघू. तिथंच पायरीवर. एवढ्यात व्यवस्थापक सांगत आला की जिन्याचं आरक्षण झालेलं नाही, तर त्यालाही लोकांनी बसवून घेतलं.

आता तुझा फोटो. एकी झाली म्हणून यंदा खरीखुरी गोगलगाय काढायची ठरली. मी जाड पडद्याच्या कापडाची शिवली, आत पुढं एक माणूस, मागं एक. पुढं बाबा, मागं हे. डोक्यावर आहेत ती शिंगं नव्हेत, डोळे आहेत. गोगलगायीचे डोळे तिथंच असतात, मलाही शिवताना कळलं. हॉल वरच्या मजल्यावर, म्हणून गोगलगाय लिफ्टनं निघाली. बाबा बाहेर पडले, हे आत राहिले आणि दार मध्ये कापडावर मिटलं. ह्यांनी आतून आरडाओरडा केला. बाबांनी मात्र गोगलगायीच्या तोंडातून शांतपणे सांगितलं की घाबरू नका, अडकलेलं दार परत उघडतंच, मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय. वार्ताहरानं नेमका तेव्हा फोटो काढला. नीट बघ, दादा. भिंग घेऊन बघ. बाबा हसतायत. आई गेल्यापासूनचा त्यांचा हसतानाचा दुसरा फोटो आपल्याकडं नाही.

तेव्हा न्यायचं की नाही ते तू ठरव. तू थोरला आहेस, मी काय बोलणार.

तुझी धाकटी

ता. क. ह्यांची पाठ धरलीय आणि गोगलगायीत परत जाणार नाही म्हणतात. मागच्या माणसाला पुढच्याच्या चालीनं चालावं लागतं आणि बाबांसारखं फेंगडं चालणारं आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणी नाही. येशील तेव्हा मापं घेते. पोट आत ओढून उभा राहू नकोस, मग ओणवं व्हायला त्रास होतो.

ता. क. २. हे पत्र बाबांनी वाचलं. ते महिनाभर तुझ्याकडं यायला आनंदानं तयार आहेत आणि पुढचा मेळावा तुझ्या घरी असल्याचं त्यांनी सगळ्यांना कळवूनही टाकलंय. वहिनीला आम्ही आधीच विचारलं होतं, ती लगेच हो म्हणाली. ते निळं कापड तिच्या मेळाव्यातल्या झग्याचं आहे. तिच्यासमोर डोंगराचं नाव काढू नकोस; ती पक्की समुद्रवाली आहे.