लेडीसाहेबांच्या बाकावर टांगायची माळ

मी डोरकस विंटल, अविवाहित, थॉर्नबरो हवेलीची जुनी कारभारीण, हल्ली राहणार ॲशकोम गावी चर्चमागे, गुडघ्यांनी हरलेली पण डोक्याने ताळ्यावर, कोणी न शिकवता, न धमकावता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आत्मा देवाच्या स्वाधीन. बाकीचे असे:

कलम एक. पिसांची गादी व तांब्याची किटली भाची प्रुडन्स हिला. तिने लग्न करावे की नाही, याची अट नाही.

कलम दोन. थोरल्या मालकीणबाईंचा तपकिरी रेशमी झगा. मालकीण वारली की तिचे कपडे खास दासीला मिळतात, आणि ती दासी मी होते. झगा उचलला तॅमसिनने. तेव्हा ती दूधघरातली पोर, आज मालकीणबाईंचे चिरंजीव सर ह्यू यांची पत्नी, म्हणून लेडी. झग्यावरचा माझा हक्क मी सोडलेला नाही. तो आता तिला कमरेत बसत नाही, एवढेच समाधान.

कलम तीन. हुंगायच्या क्षारांची कुपी लेडी तॅमसिन यांना. कुमारी असताना त्या उठसूट मूर्च्छित पडत, पण कोच नसलेल्या खोलीत कधी पडल्या नाहीत.

त्यांच्या शीलावर पाद्रीबाबांनी प्रवचन दिले, म्हणून नमूद करते. माळ्यावर आम्ही दोघी एकाच पलंगावर निजायचो. सर ह्यू जिना चढू लागले की ती मला ढोसायची, "डोरकस, ऊठ गं, कडी लाव. आणि जरा जोरात लाव, त्याला ऐकू जाऊ दे!" कडी मी लावायची, शील तिचे राखले जायचे. कडी ऐकून ऐकून त्या माणसाने शेवटी लग्नाचीच मागणी घातली. आता ती चर्चमधल्या पहिल्या बाकावरून मला म्हणते, "विंटलबाई, प्रार्थनेत गुडघे वाजवू नका, शोभत नाही." माझा जळफळाट होतो. मेल्यावरही होईल.

कलम चार. आमच्याकडे निष्कलंक कुमारिका गेली की कागदी फुलांची माळ आणि पांढरे हातमोजे शवपेटीपुढे नेऊन चर्चमध्ये टांगतात. तीन रविवार मुदत असते. मृत मुलीच्या शीलाबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने उठून बोलावे, नाहीतर माळ कायमची राहते. माझी माळ थॉर्नबरोंच्या त्या पहिल्या बाकाच्या बरोबर वर टांगावी. लेडीने मान वर केली की तिला तीच दिसली पाहिजे. हातमोजे मोठे कापावेत, माझे हात कामाचे आहेत.

पाद्रीबाबा म्हणाले, "अहो, ती माळ कोवळ्या पोरींसाठी असते."

मी म्हटले, "बाबा, मी तर त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं सांभाळलंय."

कलम पाच. वरचे लिहून झाल्यावर ते तीन रविवार डोळ्यांपुढे आले. कोणी उठणार नाही. माळ्यावरच्या त्या दारावर इतक्यांदा थाप पडली, माझ्यासाठी एकदाही नाही. तर, कोणी पुरुष उठून "डोरकस विंटलबद्दल मला शंका आहे" असे म्हणाला, तर त्याला कोणीही खोटे पाडू नये. माळ उतरवावी. माझी साठवलेली सगळी पुंजी त्याला द्यावी. लेडी तॅमसिन तेव्हा बाकावर हजर असावी.

वाचून, पुन्हा वाचून, सही केली.
डोरकस विंटल
ॲशकोम, हॅम्पशायर, १० नोव्हेंबर १७५१

साक्षीदार:
ॲबिगेल रुड, सुईण
सायमन टॉड, लोहार
~~जोनास पेल, चर्चचा घंटावाला, विधुर~~ (कलम पाच वाचून "साक्षीदाराला पुंजी मिळत नाही ना?" असे विचारले व लेखणी परत केली.)