पाट्याखालची फरशी

साखरखेर्डा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राखी हिस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे घराला भिंती आहेत, वर स्लॅब आहे आणि माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलतात, इतपत बरे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललास तरी काय होतं म्हणा. तू एक बोलतेस, मी दोन बोलते, आणि आईंच्या तब्येतीचं विचारायचं राहूनच जातं. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवम ठेकेदाराला तुमच्या बीबी गावात एक काम मिळालंय, तो उद्या तिकडे निघालाय. त्याच्याच हाती देते.

शिवम म्हणजे तोच, भाऊबीजेला ओसरीत उभं राहून तुला टाइल्सचा भाव सांगत होता तो. 'काकू, उद्या पक्कं' असं म्हणाला की समजायचं, आता आठवडाभर येत नाही. गणपती उठले आणि त्याने आपलं स्वयंपाकघर उकरलं, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. फोन केला की रेती नाही. रेती आली तर मिस्त्री नाही. मिस्त्री आला तर त्याच्या गावात सप्ता. मी गोठ्यात म्हशीशेजारी चूल मांडली होती. अंगणवाडीतून यायचं आणि आधी पिठावरची धूळ फुंकायची. भाजीत सिमेंटची कचकच लागली की तुझे दादा म्हणायचे, दात मजबूत होतील. तेव्हा ते हसत होते. आता हसत नाहीत, त्याचं कारण पुढे येईल.

कापूस वेचणं चालू आहे. हरभरा बरा उगवलाय. रेणुकाला पाहायला पाहुणे पुढच्या महिन्यात येतो म्हणालेत. घराचा हा सगळा घाट त्यासाठीच घातला होता, तुला माहीत आहे.

आता लिहायला बसले ते लिहिते.

कामाच्या दिवसांत आई शेजारी कौशल्याबाईंच्या ओसरीत एका जागी बसून असायच्या. सगळे म्हणायचे, गुडघे धरलेत. भाऊबीजेला तू आलीस आणि आपण त्यांना हाताला धरून नव्या घरात आणलं. तू ओवाळलंस. हात सोडला. आणि त्या दारातून दोन पावलं आत येऊन उभ्या राहिल्या. पाय पुढे टाकला, मागे घेतला. मग म्हणाल्या, "हे कोणाचं घर व?" तू म्हणालीस, आई, आपलंच. मीही तेच म्हटलं. तर माझ्या आवाजाच्या दिशेनं हात करून म्हणाल्या, "माय, मले माह्या घरी ने."

तुम्ही बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू त्यांना घेऊन गेलीस. डॉक्टर म्हणाले, वयानं विसर पडतोय. गोळ्या दिल्या. काल जावईबापूंनी ह्यांना सांगितलं की आई दिवसभर झोपून असतात, आणि तुमचं असं ठरलंय की त्यांनी आता कायम बीबीलाच राहावं. ह्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं. ते एवढं सोपं नव्हतं त्यांना. फोन ठेवून गोठ्यात जाऊन बसले.

राखी, आईंना विसर पडलेला नाही. आईंना दिसत नाही.

कधीपासून, ते मला नेमकं सांगता येणार नाही. मामंजी गेले त्यानंतर कधीतरी सुरू झालं असावं. सुईत दोरा ओवायला रेणुकाला हाक मारू लागल्या. तूरडाळ निवडताना मान वर करून भलतीकडे पाहायच्या आणि खडा मात्र बोटांनी बरोबर काढायच्या. तू दिवाळीला नवी साडी नेसून आलीस की म्हणायच्या, बरी दिसतेस, आणि पदर चाचपायच्या. तुला ते कौतुक वाटायचं. होतंच ते कौतुक, पण डोळ्यांचं काम हात करत होते.

एकदा मी पाण्याचा तांब्या चुकून रांजणाच्या उजव्या अंगाला ठेवला. आई आल्या, डाव्या अंगाला हात नेला, तो तिथेच रिकामा फिरत राहिला. मी मागून तांब्या हळूच त्यांच्या हाताखाली सरकवला. त्या पाणी प्यायल्या, तांब्या डावीकडे ठेवला आणि गेल्या. त्या दिवसापासून आपल्या घरातली कुठलीही वस्तू मी जागची हलू दिली नाही. त्या काही बोलल्या नाहीत, मी काही विचारलं नाही.

तू म्हणशील, वहिनी, सांगितलं का नाहीस. सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मायेपोटी त्याच दिवशी त्यांच्यापुढची परात काढून घेतली असती. आई, बस आता, खूप केलंस. त्यांच्यासारखी भाकरी अजून मला येत नाही. मी हे चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळेवर नेलं असतं तर काही उपाय निघाला असता का, हा विचार रोज येतो.

आणखी एक. हे लिहू की नको, असं पानभर चाललंय माझं.

तुझा माझ्यावर एक जुना राग आहे. आई बीबीला मुक्कामी राहत नाहीत. सकाळच्या बसने कोणाच्या तरी सोबतीने येतात, जेवतात, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि संध्याकाळच्या बसने मागे. गेली बरीच वर्षं तू मनात धरलंयस की वहिनी त्यांना कामासाठी ओढून नेते. एकदा तर चार बायकांत तोंडावर बोललीस. मी गप्प बसले, कारण उत्तर माझं नव्हतं, त्यांचं होतं.

तुझ्या घरात रात्री उठून न्हाणीकडे जायची वाट त्यांना माहीत नव्हती, ग. आणि लेकीला झोपेतून उठवायची त्यांना लाज वाटायची. एवढंच होतं ते. तुझ्यावर माया कमी नव्हती आणि माझ्यावर जास्त नव्हती.

तू त्यांना घेऊन गेलीस, त्यानंतर एका दुपारी मी घरात एकटी होते. डोळे मिटले आणि दारापासून चालून पाहिलं. सगळीकडे सारखंच. गुळगुळीत, गार. तिसऱ्या पावलाला मी कुठे आहे ते मला कळेना, आणि मी तर चांगली डोळस बाई. मग उमगलं. आपली जुनी शहाबादी फरशी म्हणजे आईंचे डोळे होते. इथे फुटकी, इथे खरबरीत, इथे उंबऱ्याचं टोक. आपण चकचकीत टाइल्स बसवल्या आणि त्यांचं घर काढून घेतलं.

शिवमला बोलावलं. म्हटलं, दारापासून आईंच्या खाटेपर्यंत, खाटेपासून ओट्यापर्यंत आणि तिथून न्हाणीपर्यंत दोन पावलं रुंद पट्टा काप, आणि त्यात जुनी फरशी बसव. त्याने डोक्याला हात लावला.

"काकू, लोकं घरात डांबरी रोड काढत नाहीत."

"आपण काढू."

"अन् कोणी इचारलं, हे कोण्या येड्यानं केलं, तं?"

"माझं नाव सांग."

दोन दिवस रुसला. मग आला आणि ग्राइंडर लावला. नव्या टाइल्स कापताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मलाच त्याला चहा करून द्यावा लागला.

ह्यांना कळलं तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं. आईंना जुन्या फरशीची सवय आहे, एवढंच मी सांगितलं. पाहुणे येणार, सोयरिकीचं घर, मधोमध हा कळकट पट्टा, लोक काय म्हणतील. रेणुका शांतपणे म्हणाली, "बाबा, ते फरशी पाहायले येऊन राह्यले का मले?" त्यावर ते बाहेर निघून गेले, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण जुन्या फरश्या गोठ्यामागे टाकल्या होत्या, त्यांतली एक कौशल्याबाईंनी कपडे धुवायला नेली होती. पट्ट्यात एका जागी बसेल अशा मापाची तेवढीच कमी पडत होती. संध्याकाळी पाहते तर हे स्वतः ती खांद्यावर घेऊन येतायत. दारात ठेवली, हात झटकले आणि आत गेले. तुझे दादा असेच आहेत, हे मी तुला काय सांगू.

पट्टा झालाय. दिसायला वाईट दिसतो, ते मी कबूल करते.

आता माझं एक ऐक. गुरुवारी तुझे दादा गाडी घेऊन येतील, आईंना एकदा पाठव. पट्ट्याचं त्यांना काही सांगू नकोस. इथे दारात त्यांना अनवाणी सोडू. त्या आपल्या पायांनी खाटेपर्यंत गेल्या तर त्या इथे राहतील, आणि गोळ्यांचं आपण डॉक्टरांना पुन्हा विचारू. आणि नाही गेल्या, पुन्हा 'कोणाचं घर' म्हणाल्या, तर तुझं खरं. मीच त्यांच्या लुगड्यांची पिशवी बीबीला आणून देईन आणि एक अक्षर बोलणार नाही.

हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस. इतकी वर्षं न बोलता सांभाळलेलं आहे, ते तुझ्याकडूनही सांभाळलं जावं.

तुझ्या उत्तराची नाही, आईंची वाट पाहणारी,
तुझी वहिनी
जयमाला


साखरखेर्डा,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय राखी,

आशीर्वाद. तू त्यांना पाठवलंस, त्याबद्दल काय लिहू. आल्याआल्या त्यांच्या केसांना तुझ्या घरचं तेल लावलेलं दिसलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारचं सांगते. शिवम मुद्दाम बीबीहून आला होता, आपली मेहनत वाया गेली की नाही ते पाहायला. ह्यांनी आईंना हाताला धरून दारापर्यंत आणलं. चप्पल काढली. मी म्हटलं, हात सोडा. ह्यांचा सुटेना. रेणुकाने सोडवला.

आईंनी उजवा पाय आत ठेवला. अंगठा जरा फिरवला. मग दुसरा पाय. मग चालायला लागल्या, राखी, नेहमीसारख्या. आणि तिसऱ्या-चौथ्या पावलावर थांबल्या. टाच घासत उभ्याच. मला वाटलं, आता विचारणार, हे कोणाचं घर.

"गजा," त्या ह्यांना म्हणाल्या, "हे फरशी इथं कोणं लावली?"

शिवम पुढे आला. "म्या लावली, आजी. काऊन?"

"हे तं पाट्याखालची व्हय. सैपाकघरातली. मिरच्या वाटू वाटू खळगी पडली तिले. दारात काऊन लावली बाप्पा, पाणी साचीन ना तिच्यात."

कौशल्याबाईंकडून आणलेली ती हीच. आम्ही सगळे डोळस, आणि एकालाही ओळखली नव्हती.

तुझे दादा तिथेच खाली बसले. त्यांनी विचारलं, "आई, तुले दिसत नाही का व?" इतक्या हलक्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. आई म्हणाल्या, "दिसत नाही म्हून का समजत नाही?" आणि पुढे गेल्या. खाटेवर बसल्या नाहीतच. सरळ ओट्याजवळच्या रांजणापाशी. डाव्या अंगाला हात नेला, पाणी प्यायल्या.

"तांब्या जाग्यावर हाये," म्हणाल्या. माझ्याकडे तोंड करून. तेवढंच.

मी ओट्याकडे तोंड फिरवलं आणि उगाच भांडी लावत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला त्या तयार झाल्यात. अट एकच, राखी संगं पाहिजे. तेव्हा ह्या आठवड्यात कुठला वार तुला जमेल ते कळव, आणि आता फोनवर कळव. मी दोन बोलणार नाही.

उद्या शिवमची गाडी तुझ्या दारात येईल. त्यात आपल्या उरलेल्या जुन्या फरश्या आहेत. घाबरू नकोस, तो काम नीट करतो, फक्त उद्या म्हणाला की परवा धर. फरश्या मी निवडलेल्या नाहीत. आईंनी काल गोठ्यामागे उभं राहून एकेक पायाने पाहून निवडल्या, तुझ्या घरात पलंगापासून न्हाणीपर्यंत पुरतील एवढ्या. त्यात पाट्याखालचीही आहे. ती दारातून काढायला लावली त्यांनी. मी म्हटलं, आई, ती आपल्या घरची खूण, ती राहू द्या इथे. तर म्हणाल्या, "ते राखीकडे माह्या पलंगापाशी लावा. रातच्याला उठलो का पायाले कळलं पाहिजे, मी माह्या लेकीच्या घरी हावो."

फरशी बसली की लगेच सांग. चार दिवसांची लुगडी मी भरून ठेवली आहेत.

आईंना मुक्कामाला पाठवणारी,
तुझी
जयमाला