नारळाचा पोचा

वसमत, १२ नोव्हेंबर २००२

गाडी आज दुरुस्त होऊन आली. महिन्याखाली जीपवाल्यानं मागं घेताना मडगार्ड चेपला होता. त्याच्याच इन्शुरन्समधून नवाकोरा बसवून मिळाला. खुश व्हायला पाहिजे. काहून होत नाही?

त्या मडगार्डवर एक जुना पोचा होता, वाटीएवढा. गाडी घेतली त्या दसऱ्याला बाबांनी पूजा केली आणि नारळ चाकापुढच्या दगडावर न फोडता थेट मडगार्डवरच हाणला. आई ओरडली, "अहो, गाडीवर काहून?"

"गाडीचाच नारळ हाय ना!"

गाडी चेपली, नारळ तसाच. किती हसलो होतो आम्ही.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी पुसताना तो पोचा हाताला लागायचा, तेवढंच.

इन्शुरन्सचा माणूस गाडी बघायला आला तेव्हा त्यानं त्यावर बोट ठेवलं. "हा पण जीपचाच का?" गाडीचा पत्रा ठोकणारा रशीदचाचा डेंटर माझ्या कानाशी म्हणाला, "व्हय म्हणा गुरुजी, पुरा मडगार्ड बदलून भेटतो."

मी व्हय म्हणालो. सही पण केली.

आज संध्याकाळी गाडी पुसताना हात तिथंच गेला. सपाट. बाबांचा पोचा मी जीपवाल्याच्या नावावर लिहून दिला.