दाराबाहेरची खुर्ची

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार
दुरुस्ती. शुक्रवारी लिहिलं होतं की प्रोफेसर फ्रीझन माझ्याशी बोलले. ते खरं नाही. त्यांनी फक्त मान हलवली. आज नीट आठवून पाहिलं तर माझ्यामागे एकजण दार धरून उभा होता. मान बहुधा त्याच्यासाठी हलली असावी.
मुद्दा तोच आहे. ५ डिसेंबरपर्यंत मार्गदर्शक म्हणून कुणा प्रोफेसरची फॉर्मवर सही मिळाली नाही, तर विभाग मला काढणार आणि मी इस्लामपूरला परत. मसुराच्या मुळांच्या रोगावर काम करणारे इथे, सस्कॅटूनमध्ये, फ्रीझन एकटेच. मंगळवारी दोन ते तीन त्यांचं दार विद्यार्थ्यांसाठी उघडं. अजून आठ मंगळवार आहेत. सही एकच हवी. काळजीचं कारण नाही.

१४ ऑक्टोबर
पावणेदोनला हजर. सगळ्यांत पहिली.
दार सताड उघडं. ते खिडकीबाहेर बघत सफरचंद खात होते. 'ये' म्हणाले नाहीत. दहावीपर्यंत मी घरीच वडिलांकडे, अण्णांकडे शिकले. अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवीपर्यंत दारात उभं राहायचं, ते 'ये' म्हणाले की आत जायचं, हा नियम. वर्गात मी एकटीच, त्यामुळे नंबर कधी चुकला नाही.
तेवढ्यात ब्रुक नावाची मुलगी आली. तुझ्याआधी जाऊ का गं, दोनच मिनिटं, म्हणाली. चाळीस मिनिटांनी बाहेर आली. सॉरी तीनदा म्हणाली, म्हणजे मुलगी वाईट नाही.
प्रगती: इथे न बोलावता आत जातात हे कळलं.

१५ ऑक्टोबर, सकाळ
खोलीतली दर्या (यॉर्कटनजवळच्या शेतावर वाढलेली, बोलायला फटकळ) म्हणाली, अगं बाई, दार उघडं आहे म्हणजेच ये. आणखी काय, बँड लावायचा का? नाहीतर ईमेल कर.
ईमेल तयार आहे. फक्त सुरुवात अडली आहे. मला नुसतं ग्लेन म्हणा, असं फ्रीझननी वर्गात सांगितलं आहे. अण्णांच्या वयाच्या माणसाला ग्लेन! 'आदरणीय ग्लेन' लिहिलं, खोडलं. अकरावा मसुदा झाला. घाईत पाठवण्यात अर्थ नाही.

२८ ऑक्टोबर
(२१ तारखेला सर्दी होती. म्हणजे सकाळी होती.)
आज गर्दी. आधी कोण आलं यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी मी वहीचा कागद फाडून यादी केली. यादी करणाऱ्याने आपलं नाव वर घालणं बरं दिसत नाही, म्हणून शेवटी घातलं. बारावं. नवव्या नावाला तीन वाजले.
पण शिस्त लागली.

४ नोव्हेंबर
कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. आत आहेत का, मूड कसा आहे, किती वेळ लागेल, असं सगळे मलाच विचारतात. रांगेतला कोल्बी म्हणाला, तू नसतीस ना ताई, तर इथे डोकी फुटली असती.
महत्त्वाचं: फ्रीझन डोकं बाहेर काढून म्हणाले, पुढचा कोण? मी म्हणाले, कोल्बी. हे आमचं पहिलं संभाषण. या वेळी मान वगैरे नाही, शब्द.

११ नोव्हेंबर
कुणीच नाही! माझं नाव यादीत पहिलं, आणि एकमेव. कार्ड लावून इमारत उघडली, म्हणून शंका आली नाही. साडेतीनपर्यंत थांबले. मग दिवे आपोआप गेले.
दर्या हसून लोळली. अगं, आज युद्धातल्या सैनिकांचा स्मृतिदिन, सुट्टी! दोन आठवडे लोक कोटाला लाल फूल लावून हिंडताहेत, ते काय नटायला?
तरी रंगीत तालीम झाली. 'सर, मला मसुराच्या' इथपर्यंत आवाज चांगला येतो.

१८ नोव्हेंबर
बाहेर उणे एकोणीस. आज माझा नंबर सहावा होता. एक मुलगी रडत आली, नापास होणार म्हणाली. नंबर दिला. रडणाऱ्या माणसाला थांब म्हणणं मला जमणार नाही. पुढच्या मंगळवारी कुणी रडलं तरी हलायचं नाही.

२५ नोव्हेंबर
दोघंजण रडले.
अण्णांचा फोन. सही झाली का? म्हटलं, दारापर्यंत पोचलेय. हे खोटं नाही. माणूस कसा आहे, त्यांनी विचारलं. म्हटलं, शांत. हेही खोटं नाही. ते म्हणाले, बोलावल्याशिवाय आत घुसू नकोस हं.

२ डिसेंबर, दुपारी चार
शेवटचा मंगळवार. दोन पन्नासला यादी संपली. फक्त माझं नाव उरलं. फॉर्म हातात घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. अगदी अण्णांसारखा. वर पाहिलं. म्हणाले, आणखी कुणी राहिलंय का?
मी मागे वळून पाहिलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. मी म्हणाले, नाही, कुणी नाही.
छान, ते म्हणाले, आणि कोट घातला. एक पाकीट दिलं, आत आभाराचं कार्ड. म्हणाले, शेली, विभागाने आजवर दिलेल्या मदतनिसांत तू सगळ्यांत चांगली. उद्या ते संशोधनाच्या रजेवर ऑस्ट्रेलियाला. मी जावं म्हणून दार धरून उभे राहिले. मी थँक यू म्हणाले.
माझं नाव शाल्मली. पण कार्डावर शेलीच लिहिलं आहे, म्हणजे चूक एकच, दोनदा झालेली.

५ डिसेंबर, शुक्रवार
कोरा फॉर्म खिडकीवर दिला. तिथल्या बाईंनी तो उलटून पाहिला, मग पुन्हा सुलटा. सही कुठाय, बाळा? म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, अगं, एकदा विचारायचं तरी होतंस. काढल्याचं पत्र जानेवारीत येईल.
दुरुस्ती. २ तारखेला 'कुणी नाही' असं मी सांगितलं. एकजण होतं. मोजणीत एकाची चूक.
येताना वर जाऊन आले. खुर्ची कुणीतरी नेली आहे. दारावर सूचना आहे: रजेनंतर भेटीची वेळ ८ सप्टेंबरपासून, मंगळवारी दोन ते तीन. खाली कोरा कागद चिकटवून शाईच्या पेनने पहिलं नाव घातलं. माझं.
इस्लामपूरहून किती दिवस आधी निघावं लागेल ते बघायचं. या वेळी न बोलावता आत. मंगळवार, ८ सप्टेंबर २०२६, दुपारी पावणेदोन.