शारजावाल्याची वेल

सिब्तैन,

फोनवर तू पुन्हा तेच म्हणालास, "भाईजान, आता पैसे पाठवू नका." का नको? तुझ्या कॉलेजच्या फीसाठीच तर मी शारजात फरश्या बसवत राहिलो. आता तुझं गाणं आमच्या खोलीत ज्याच्या-त्याच्या फोनवर वाजतं. मी म्हटलं, हा माझा धाकटा, तर शेजारच्या खाटेवरचा गुल नवाज म्हणाला, "अन् मी बादशहाचा जावई!"

मला आनंद होतोय की राग येतोय, तेच कळत नाही. पगार झाला की हात आपोआप खिशाकडे जातो, आणि मग वाटतं, आता मी तुझा कोण?

गावातली लग्नं आठव. कुणी गाण्यावर खूश होऊन वेल म्हणून नोट पुढे केली की गवई गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचा, बापाच्या नावासकट. मग तो सारा वसूल करणारा लंबरदार असो की न्हावी. वेल नाकारायची नाही, हा रिवाजच. तू हजारोंपुढे गातोस. तिथे थांबशील?

हे पत्र धाडणार नाही, माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील. वाचून तू रडशील, नाहीतर हसशील, आणि मला दोन्ही नकोय. पण गुल नवाज सुट्टीवर निघालाय, तुझ्या लाहोरच्या जलशाला जाणार आहे. म्हणतो, "त्यानं तुझं नाव घेतलं, तरच मानेन." मंचापाशी नोट देऊन तो एवढंच सांगेल, "मेहर दीनचा इमदाद, शारजावाला."

ही फी नाही, वेल आहे.

तुझा अजूनही भाईजान,
इमदाद

गुल नवाजच्या हाती: शंभर रुपये.